मुलगी बारावी सायन्सला आहे, इंजिनीअरिंगसाठी राज्याची सीईटी आणि देशपातळीवरची जेईई दोन्ही देणार आहे. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. पालक म्हणून आम्ही नेमकं काय करायचं?

ताई, तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय त्यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत. एक, तुम्हा दोघांनाही फिजिक्स-मॅथ्सची गंधवार्ता नाही, मग तिला मदत करायची कशी. दुसरी, मिस्टरांचा हट्ट कॉम्प्युटरचा आणि तिचं मन सिव्हिलवर, त्यावरून घरात रोज ठिणग्या उडतात.

पहिलीची काळजीच करू नका. ज्यांना फिजिक्स येतं ते आईबाप पोरांचा जास्त छळ करतात, हे मी स्टाफरूममध्ये रोज बघतो.

मी जिल्ह्याच्या गावी एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत आमच्या सुविधा केंद्रावर, म्हणजे सगळे ज्याला एफसी म्हणतात तिथे, कागदपत्रं तपासायला बसतो. टेबलाच्या या बाजूने दर वर्षी एकच चित्र दिसतं. पोरीने वर्षभर राबून चांगलं पर्सेंटाइल आणलेलं असतं आणि गाडी अडते ती वडिलांच्या फाइलपाशी. अभ्यास तिचा आहे, त्यात तुम्ही पडू नका. कागद, पैसा आणि ऐन वेळी शांत डोकं ही तीन खाती तुमची. तेवढी सांभाळलीत तरी पुष्कळ झालं.

कागदांपासून सुरुवात करा आणि ती आत्ताच करा, निकालानंतर नको. तुम्ही कॅटेगरी लिहिलेली नाही, म्हणून सगळंच सांगतो. डोमिसाईल, दहावीची मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का हे आधी बघा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं असेल तर आधार दुरुस्त करायला आज वेळ आहे, जूनमध्ये नसेल. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या शिफारशीने जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो. तिथे ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) नोंद. हे मिळवायला मूळ गावी जावं लागतं, तिथले गुरुजी रजेवर असतात, दप्तर जुन्या इमारतीत असतं. घरात काकांची किंवा आत्याची व्हॅलिडिटी आधी निघालेली असेल तर काम बरंच सोपं होतं. दिवाळीत सगळे भेटतात तेव्हा फराळाबरोबर हेही विचारून ठेवा.

नॉन-क्रिमीलेयरचा, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचा, घोळ तर ठरलेला. वडील येतात, प्लास्टिकच्या फोल्डरमधून लॅमिनेट केलेला दाखला काढून समोर ठेवतात. “साहेब, एकदम ओरिजिनल आहे.” मी खालची ओळ बोटाने दाखवतो: वैधता याच वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत. म्हणजे दाखला खरा, पण संपलेला. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा ते वर्ष संपताना येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो चालू असायला हवा. मग सेतूपुढे रांग, तहसीलला चकरा, आणि पोरगी बाकावर बसून मोबाइलकडे बघत असते. अलीकडे अर्जाची पावती दाखवून तात्पुरतं निभावता येतं, पण दिलेल्या मुदतीत मूळ दाखला आला नाही तर खुल्या गटात टाकतात आणि मिळालेली जागा हातची जाऊ शकते. ओपनमध्ये असाल तर ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाच्या, दाखल्यालाही हेच लागू. आणि लॅमिनेशन करू नका हो, पुढे कुठे शिक्का मारायची वेळ आली तर मारणार कुठे?

अजून एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. फॉर्म सायबर कॅफेत भरलात तर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचेच टाका. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहितो, आणि ऐन ऑप्शन फॉर्मच्या, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या, दिवशी ओटीपी त्याच्याकडे जातो. तो नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो.

आता पैसा. हा विषय आपल्या घरांत मुलांसमोर काढत नाहीत आणि तिथेच फसतं. वर्षाला किती झेपेल तो आकडा तिला परीक्षेच्या आधी स्पष्ट सांगा. “तू मार्क आण, पैशाचं आम्ही बघू” म्हणायचं आणि जुलैमध्ये फी बघून तोंड पाडायचं, यापेक्षा आधी सांगितलेला आकडा मुलं फार समंजसपणे घेतात. खासगी कॉलेजात वर्षाची फी सहज लाखाच्या वर जाते, नावाजलेल्या ठिकाणी दोनच्याही वर. त्यात पुण्या-मुंबईत राहणं, मेस, लॅपटॉप धरा.

पण मुलगी आहे म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर माफी गेली. विकास शुल्क, होस्टेल, मेस यात येत नाही. शिवाय टीएफडब्ल्यूएस नावाच्या, शिक्षण शुल्क माफीच्या, पाच टक्के जादा जागा असतात, त्यांनाही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच. त्या जागांचा कोड टी अक्षराने संपतो. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन कोड दिसले की पालक चुकून दुसरा घातला म्हणून एक खोडतात. खोडू नका, दोन्ही वेगळे पर्याय आहेत.

निकालाच्या सुमारास एजंटांचे फोन सुरू होतील. “मॅडम, अमुक कॉलेजात कॉम्प्युटरची सीट आहे, आज टोकन भरलंत तरच.” तुमचा नंबर त्यांच्याकडे कुठून आला हे विचारत बसू नका, फोन ठेवा.

परीक्षेबद्दल तुम्हाला इतकंच माहीत असलं तरी चालेल. सीईटी २०० मार्कांची. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या मिळून १०० प्रश्नांनाही ९०च मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. जेईई मेन्समध्ये ७५ प्रश्न, तीन तास आणि चुकीला वजा एक, म्हणजे तिथे हात आखडता. दोन्हींचा सराव वेगळा असतो. त्यामुळे “काल तर शंभर प्रश्न सोडवलेस, आज वीसच का?” असं विचारू नका. बारावीचे मार्क राज्याच्या इंजिनीअरिंगच्या मेरिटला धरत नाहीत, बरोबरी झाली तरच बघतात. मात्र पात्रतेला खुल्या गटासाठी पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये, ४५ टक्के आणि राखीव गटांसाठी ४० टक्के लागतात. जेईईवरून मिळणाऱ्या एनआयटी या केंद्र सरकारच्या कॉलेजांसाठी बोर्डात ७५ टक्क्यांची वेगळी अट आहे. म्हणून बोर्ड अगदीच वाऱ्यावर सोडू नका.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आजी-आजोबा, मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांना एकदाच सांगून टाका. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली नव्वद मुलं तिच्या मागे किंवा बरोबरीला. पीसीएमला चार लाखांवर मुलं बसतात, तेव्हा एका पर्सेंटाइलच्या फरकात चार हजार मुलं उभी असतात. ९० आले म्हणून पेढे वाटलेले आणि चार दिवसांनी कटऑफ बघून सुतक पाळणारे पालक मी बघितलेत. मुलगी तीच, मार्कही तेच.

घरातल्या वातावरणाबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. मी एवढंच म्हणेन की झोप, वेळेवर जेवण आणि मॉक टेस्टचे मार्क विचारणं बंद. सांगायचे असतील तर ती आपणहून सांगेल. ती सलग काही दिवस जेवत-झोपत नसेल, गप्प गप्प झाली असेल, तर त्याला ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि त्यावर पालकांनाही बोलता येतं.

आता सिव्हिल की कॉम्प्युटर. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते तुम्ही ओळखालच, तेवढी सूट देऊन वाचा. मिस्टरांचं म्हणणं चूक नाही. कॉम्प्युटरवाल्यांना सुरुवातीचे पगार बरे मिळतात, आणि सिव्हिलच्या पोरांना खासगी साइटवर सुरुवातीला बरेच कमी पैसे आणि ऊन मिळतं, हे खरंच आहे. पण २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा पाट्यांखाली कॉलेजांनी तुकड्यांवर तुकड्या वाढवल्या. जागा वाढल्या म्हणून शिकवणारे तेवढे वाढले असं काही नाही. त्यामुळे “कॉम्प्युटर, कॉलेज कुठलंही चालेल” हा हिशेब मला पटत नाही. सरकारी किंवा जुन्या नावाजलेल्या कॉलेजातलं सिव्हिल, म्हणजे पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणचं, हे गावाबाहेर नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या एआयपेक्षा मी डोळे मिटून वर ठेवीन. सिव्हिलला एमपीएससीच्या स्थापत्य सेवा आहेत, एम.टेक.साठीची गेट परीक्षा आहे, ज्युनिअर इंजिनीअरच्या सरकारी भरत्या आहेत. तिला कोडिंगही करायचं असेल तर बऱ्याच कॉलेजांत त्याचा मायनर, म्हणजे जोडविषय, घेता येतो.

मात्र तिला सिव्हिल का हवंय, हे एकदा नीट विचारा, उलटतपासणीच्या सुरात नको. मेट्रोचा पूल बघून वाटत असेल तर ती सुरुवात वाईट नाही, पण पुरेशी नाही. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सेकंड इयरचा सिलॅबस काढून तिच्यासमोर ठेवा: स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, सर्व्हेइंग, फ्लुइड मेकॅनिक्स. ओळखीत कुणी साइट इंजिनीअर असेल तर स्लॅब पडतो त्या दिवशी तिला साइटवर पाठवा. संध्याकाळी धुळीने माखून येईल तेव्हा ती काय बोलते ते ऐका, आणि मिस्टरांनाही ऐकायला बसवा. कॉम्प्युटरचंही तसंच. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघू नका. कँटीनमध्ये चहा घ्या आणि थर्ड इयरच्या दोन-तीन मुलींना विचारा, प्रॅक्टिकल खरंच होतात का, सर किती वेळा बदलले, होस्टेलच्या पाण्याचं काय. त्या एवढं खरं सांगतात की आम्हा स्टाफला लाज वाटावी.

शेवटी ऑप्शन फॉर्म. तो रात्री अकराला, शेवटच्या दिवशी, चार नातेवाइकांना फोनवर घेऊन भरायचा नसतो. आधी सीईटी सेलच्या साइटवरून मागच्या वर्षीचे कटऑफ उतरवून घ्या. त्यात जी ने सुरू होणारे कोड मुलगे-मुली दोघांसाठीचे आणि एल ने सुरू होणारे फक्त मुलींच्या राखीव जागांचे. मुलींचा कटऑफ अनेकदा थोडा खाली असतो आणि पालक नेमकी जी चीच ओळ बघून हातपाय गाळतात. ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, तेव्हा कंजूषपणा नको. क्रम मात्र तिच्या आवडीने लावा, कटऑफच्या उतरंडीने नको. यंत्र वरून खाली बघत जातं आणि जिथे तिचं मेरिट बसेल तिथली पहिली जागा देतं, म्हणून न मिळणारं कॉलेज वर ठेवल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नको असलेलं वर ठेवल्याने. २०२५ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं की जागा आपोआप पक्की. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. वडिलांचं मन राखायला दोन नंबरला टाकलेलं कॉम्प्युटर असं गळ्यात पडतं. नियम दर वर्षी थोडे हलतात, तेव्हा तुमच्या वर्षीची माहितीपुस्तिका आली की तुम्ही दोघांनी ती स्वतः वाचा.

वरचे सहा पर्याय कोणते, ते तुम्ही तिघं निकालाआधीच एका रविवारी कागदावर लिहून ठेवा, पेन तिच्या हातात देऊन. सातव्यापासून खाली मिस्टरांना हवं ते घालू द्या.

तुमचा जिल्हा आणि कॅटेगरी कमेंटमध्ये लिहिलीत तर कुठला कागद कुठे मिळतो तेवढं सांगू शकेन. अमुक पर्सेंटाइलला अमुक कॉलेज मिळेल का, ते मात्र विचारू नका. ते निकालाआधी कुणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगतो तो बहुधा काहीतरी विकत असतो.