ट्रॅकवर गाडी पळवायची तर टायरचे रबरी व्हॉल्व बदलावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे वेंगुर्ल्याचे. २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय घेऊन कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला, निघालेत. टायर नवे घातलेत, व्हॉल्व जुनेच ठेवलेत. टोपीच्या जागी फिरवून बसवायचे, मोबाइलवर हवा दाखवणारे सेन्सर ऑनलाइन मागवून चारी चाकांना लावलेत. मित्र म्हणतो, धातूचे व्हॉल्व घातल्याशिवाय ट्रॅकवर पाय ठेवू नकोस. तर काय करावं?

मित्र ज्या गोष्टीची भीती घालतोय ती तुमच्या गाडीपुरती तरी दुय्यम आहे. खरी काळजीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. व्हॉल्व जुनेच आहेत, आणि त्यांच्या टोकाला सेन्सर लटकवलेत.

माझं कुडाळला हायवेलगत टायरचं दुकान आहे. टायर बदलायला आलेला निम्मा गिऱ्हाईक व्हॉल्वचं नाव काढलं की म्हणतो, "वॉल कित्याक बदलतंस? तो बरो आसा." वरून तो बराच दिसतो. पितळेची नळी आणि तिच्याभोवती चिकटवलेलं रबर, एवढाच तो जीव. रिमच्या अकरा-साडेअकरा मिलिमीटरच्या भोकात रबराची खाच अडकते आणि आतली हवा तिला आणखी घट्ट दाबून धरते. जे बिघडतं ते नेमकं या खाचेच्या वरच्या अंगाला, रिमला टेकलेल्या मुळाशी. उभ्या गाडीत ते दिसत नाही.

हे मी शिकलो तेही याच ट्रॅकवर, आणि चूक माझ्याच दुकानाची होती. माझ्या एका मित्राची गाडी होती, टायर मीच घातले होते, व्हॉल्व "बरे" दिसले म्हणून तसेच ठेवले होते. दुसऱ्या फेरीनंतर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, हवा मोजली तर तीन टायर ३६ पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढचा उजवा २८ ला. खिळा असेल म्हणून टायर हाताने गोल फिरवून पाहिला, काही नाही. व्हॉल्वच्या आतल्या पिनवर थुंकी लावली, बुडबुडा नाही. रिमच्या कडेला साबणाचं पाणी ओतलं, तिथेही काही नाही. शेवटी वैतागून व्हॉल्व अंगठ्याने बाजूला ढकलला आणि मुळातून फुस्स झालं. सोडला की बंद. पुन्हा ढकलला, पुन्हा फुस्स. म्हणजे गाडी उभी असताना थेंबभर हवा जात नव्हती. चाक जोरात फिरलं, व्हॉल्व वाकला, की भेग तोंड उघडत होती.

आता तो का वाकतो, ते बघा. व्हॉल्वचं टोक तिरकं आसाच्या दिशेने असतं. चाक फिरलं की ते बाहेर, रिमकडे फेकलं जातं. तुमच्या १६५/८० आर १४ टायरचा हिशेब मी वहीवर मांडला. व्हॉल्वचं टोक आसापासून साधारण १७ सेंटीमीटरवर धरलं, तर ताशी ७० ला तिथली दहा ग्रॅमची वस्तू पाऊण किलोच्या जराशी आत वजन दाखवते. ताशी १४० ला तीच वस्तू पावणेतीन किलोच्या आसपास जाते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. तुमचे ते बाहेरचे सेन्सर साधारण दहा ग्रॅमच्या घरातले असतात. म्हणजे जुन्या रबराच्या शेंड्याला पावणेतीन किलोचं वजन बांधून तुम्ही लॅपमागून लॅप मारणार. बाजारहाटाला, फार तर सावंतवाडीपर्यंत जायला हे खपतं. ट्रॅकवर ते काढून घरी ठेवा. हवा मोजायला हातातला साधा गेज न्या, तो जास्त खरं बोलतो. सेन्सर हवेच असतील तर रिमच्या आत बसणारे घ्या, पण त्यांच्यासाठी बहुधा धातूच्या दांड्याचा, नटाने आवळायचा व्हॉल्व लागतो आणि खर्च वाढतो.

रबरी व्हॉल्वचं गणित हवेच्या दाबावर अडत नाही. टीआर ४१३ हा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना लागणारा व्हॉल्व थंड टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंत चालतो. तुम्ही ३० भरून निघालात आणि टायरमधली हवा चाळीस अंशांनी तापली तरी गेजवर ३६ च दिसेल. अडचण वेगाची, उष्णतेची आणि वयाची. रबरी व्हॉल्वची मर्यादा सर्वसाधारणपणे ताशी २१० किलोमीटर धरतात, त्यापुढे धातूचा किंवा आधार दिलेला व्हॉल्व घ्यायचा. तुमची स्विफ्ट दोन-सव्वादोन किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर २१० ला पोचणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून माझं मत: नवे रबरी व्हॉल्व, टोकाला कसलंही ओझं नाही, आणि वर धड टोपी. एवढं तुम्हाला पुरे. तुमच्या मित्राची गाडी मोठ्या इंजिनाची, मॅग व्हीलवाली (हलक्या मिश्रधातूच्या रिमची) असेल आणि तो ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटच्या लांब सरळ पट्ट्यावर जाणार असेल, तर त्याचं म्हणणं त्याच्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे.

ब्रेकची धग मात्र कुणालाच सोडत नाही. घाटात उतरताना ब्रेकची डिस्क तापते ती वेगळी आणि ट्रॅकवर दर वळणाआधी तुडवलेल्या ब्रेकने तापते ती वेगळी. ती धग रिममध्ये उतरते आणि रिममधून व्हॉल्वच्या मुळाशी. आधीच कडक झालेलं रबर तिथेच तडकतं.

वेंगुर्ल्याचं म्हणून दोन गोष्टी जास्त. तुमच्या व्हीएक्सआयला लोखंडी डिस्क, म्हणजे लोखंडी रिम, आहेत. समुद्रकाठच्या गाड्यांच्या डिस्कला व्हॉल्वच्या भोकाच्या कडेलाच गंज धरतो, कारण टायरवाल्यांच्या हत्याराने तिथला रंग उडालेला असतो. त्या खरखरीत कडेवर नवा व्हॉल्व ओढून बसवला तर बसतानाच त्याच्या रबराला चीर पडते. म्हणून जुना काढला की भोकातून बोट फिरवून बघायला सांगा, बारीक पॉलिश पेपरने कड साफ करून घ्या. आणि व्हॉल्व साबणाच्या पाण्याने ओला करून ओढू दे. बऱ्याच ठिकाणी हाताशी असलेलं जळकं ऑइल लावतात. ऑइलने रबर फुगतं, आणि हे तुम्हाला दुकानातून निघताना कळत नाही, सहा महिन्यांनी कळतं.

दुसरी गोष्ट टोपीची. रंगीत अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्या छान दिसतात, पण पितळेच्या आट्यांवर अ‍ॅल्युमिनियम आणि वर खारा वारा म्हटल्यावर पावसाळ्याअखेर ती टोपी तिथेच चिकटते. एका गिऱ्हाइकाची अशी टोपी मी पक्कडीने फिरवायला गेलो, टोपीसकट नळी पिळवटून हातात आली आणि टायर जागच्या जागी बसला. आतून रबरी वायसर असलेली प्लॅस्टिकची टोपी घ्या, आणि महिन्यातून एकदा काढून परत लावा. टोपी फक्त धूळ अडवायला असते असा समज आहे. व्हॉल्वमधली पिन ज्या दिशेने दाबली की हवा सुटते, त्याच दिशेने चाकाचा वेगही तिला ढकलत असतो. आतली स्प्रिंग ती धरून ठेवते. पण पिनीच्या बुडाशी जांभ्याच्या धुळीचा एक कण बसला तरी ती पुरती बसत नाही. तेव्हा ती वायसरवाली टोपी हा तुमचा दुसरा दरवाजा.

रबर तडकतं म्हणजे किती तडकतं, तर २००८ मध्ये अमेरिकेत चीनमध्ये बनलेले टीआर ४१३ जातीचे लाखो व्हॉल्व परत मागवावे लागले होते. रबराच्या मिश्रणात खोट होती, हवेतल्या ओझोननेच त्याला तडे जात होते. तेव्हापासून मी व्हॉल्व सुट्या पिशवीतून घेत नाही, ओळखीच्या कंपनीचं पाकीट बघून घेतो. आणि पाकिटातला व्हॉल्वसुद्धा आधी वाकवून पाहतो.

तुम्हीही घरी पाहू शकता. गाडी जॅकवर घ्यायचीही गरज नाही. टोपी आणि सेन्सर काढा, व्हॉल्व अंगठ्याने चारी बाजूंना वाकवा आणि मुळाशी मोबाइलचा उजेड मारा. केसासारख्या रेषा दिसल्या की त्याचं काम झालं. रेषा नसल्या आणि व्हॉल्व आधीच्या टायरबरोबरचाच असला, तरी ट्रॅकसाठी मी तो ठेवणार नाही. व्हॉल्वच्या वयाचा शिक्का सहसा सापडत नाही, टायरवर तो असतो: आठवडा आणि वर्षाचे चार आकडे. म्हणून टायर नवा तर व्हॉल्व नवा हा हिशेब सोपा पडतो. रबरी व्हॉल्व पन्नास रुपयांच्या आत मिळतो. मजुरी आणि बॅलन्सिंग त्याहून महाग, म्हणून ते टायरबरोबरच उरकायचं असतं. तुमचं ते राहून गेलं, आता पुन्हा टायर उतरवावे लागतील.

व्हॉल्व लांबीला ४१३ च मागा. ४१४ आणि ४१८ त्याहून लांब, म्हणजे वाकायला तेवढाच जास्त वाव. पुढेमागे धातूचे घातलेत तर नट जीव खाऊन आवळू देऊ नका, खालचं रबरी वायसर चेपून फाटतं. पहिल्या तापलेल्या फेरीनंतर तो नट मात्र एकदा तपासा.

व्हॉल्व चार नाही, पाच आणा. स्टेपनीचा व्हॉल्व गाडीबरोबर आलेला असणार, म्हणजे २०१४ चा. कोइम्बतूरपर्यंतच्या रस्त्यात तीच कामाला येणार. ट्रॅकवर शिरताना मात्र ती, जॅक, पाने आणि पाण्याच्या बाटल्या सगळं डिकीतून काढून पिटमध्ये ठेवायचं आहे.