शेतीसल्ला : पेंढा, तूस आणि रिकाम्या बाटल्या

प्रश्न : भाताचा पेंढा शेण घालून खड्ड्यात टाकला. चार महिने झाले, अजून पिवळाच आहे. काय चुकलं? (मुरबाड)

पिवळा राहिला म्हणजे पाणी आणि नत्र, दोन्ही कमी पडलं. पेंढ्यात कर्ब नत्राच्या साठ-सत्तर पट असतो. जिवाणूंना पंचवीस-तीस पट असला की काम जमतं. शिवाय काडीवर मेणचट थर आणि सिलिका (वाळूत असतो तो कठीण घटक), त्यामुळे वरून ओतलेलं पाणी नुसतं निथळून जातं.

सगळा उपसा. कोयत्याने चार-पाच इंचांचे तुकडे करून रात्रभर भिजवा. टनभर पेंढ्याला १०० किलो ताजं शेण पाण्यात कालवा, त्यात ८ किलो युरिया विरघळवा आणि हा काला दर वीतभर थरावर शिंपडा. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा हिरवा पाला भरपूर मिसळा. मग युरिया निम्म्यावर आणता येतो. ढीग जमिनीवरच रचा, तीन-चार फूट उंच आणि तेवढाच रुंद. त्याहून लहान ढिगात ऊब धरत नाही. खड्डा ठाण्याच्या पावसात नकोच. जूनमध्ये त्याचं तळं होतं, हवा कोंडते आणि हाती येतो कुबट चिखल. उंचवटा निवडा, भोवती चर काढा, वर ताडपत्री टाका.

पाचव्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसा. थोड्या वेळाने काढल्यावर ती चांगली गरम लागली पाहिजे. गार असेल तर मूठभर पेंढा पिळून बघा : तळवा ओला व्हावा, धार लागू नये. डोळे चुरचुरतील असा उग्र वास आला तर नत्र जास्त झालंय, कोरडा पेंढा मिसळा. दर पंधरा-वीस दिवसांनी खालवर करा. तीन-चार महिन्यांत खत होतं.

प्रश्न : राब न भाजता (म्हणजे पेरणीआधी रोपांच्या जागेवर पाला-गोवऱ्या न जाळता) भाताची रोपं जोमदार येतील का? गिरणीत तूस (भाताची टरफलं) फुकट मिळतं. (शहापूर)

येतील. राब भाजल्याने तणाचं बी मरतं आणि रोपं सहज उपटतात, हे खरंच आहे. पण त्यापायी ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गोवऱ्या जळतात आणि त्यातलं नत्र धुरावाटे जातं.

चारसूत्री भातशेतीत (चार सूत्रांवर बेतलेली सुधारित लागवड) याला तुसाच्या राखेचा पर्याय आहे : गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. म्हणजे गुंठ्याला ५० ते १०० किलो. तुसाची राख वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पडते, तेव्हा गुंठ्यामागे निदान अडीचशे किलो तूस आणा. ते भडकवू नका, मंद धुमसू द्या. काळ्या राखेतली सिलिका रोपाला लवकर मिळते. फार तापून पांढरी पडलेली राख त्या मानाने निकामी. वरच्या दोन इंच मातीत मिसळा. तणासाठी पेरणीच्या आठवडाभर आधी वाफा भिजवा, उगवलेलं तण खरवडून काढा. तरीही एक खुरपणी लागेलच.

प्रश्न : भेंडीवरच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि जुना मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक) जाळला तर? (भिवंडी)

जाळू नका, धूर विषारी असतो. फवारणीचं मिश्रण करतानाच बाटली पाव भाग पाण्याने भरून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. औषध वायाही जात नाही. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे कुणी तेला-पाण्याला वापरणार नाही. बाटल्या घराबाहेर कुलपात ठेवा आणि परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे द्या. साध्या भंगारात नको.

पेपर ३० मायक्रॉनचा आणि धड असेल तर गादीवाफा न मोडता त्याच भोकांत दुसरं पीक घ्या, फक्त भेंडीवर भेंडी नको. काढायचा तर पाऊस सुरू होण्याआधी, जमीन कोरडी असताना. ओल्या मातीसकट गुंडाळलेला पेपर भंगारवालाही उचलत नाही.