आईला उच्चारता येत नाही, म्हणून नाव ठेवायचं नाही?

"ताई, नाव छानच आहे हो. पण माझ्या आईला ते म्हणताच येत नाही. मग कसं ठेवायचं?"

समोर बसलेल्या मुलीला सातवा महिना लागला होता. माहेर सांगलीचं, सासर वेल्समधल्या कार्मार्थनशायरचं, आणि नोकरीसाठी दोघं नवराबायको कार्डिफमध्ये. मी इथेच समुपदेशन करते. मराठी बोलणारं कुणी आलं की पहिली दहा मिनिटं गावाकडच्या गप्पांत जातात, पण ही बसल्या बसल्या मुद्द्यावर आली. फोन काढून तिने मला एक यादी दाखवली. होणाऱ्या मुलीच्या नावाबद्दल कोण काय म्हणालं, ते सगळं तिने टिपून ठेवलं होतं. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नवऱ्याच्या मनात एकच नाव होतं. देवनागरीत जवळपास 'ग्वेनह्लियन' असं लिहिता येईल. ग्वेन म्हणजे शुभ्र, पवित्र; पुढच्या भागाचा अर्थ तलम लिनन कापडासारखं, असा लावतात. यादीत आई म्हणत होती, "जीभ वळत नाही." बहीण म्हणत होती, "शाळेत चिडवतील." लंडनची मैत्रीण, "जन्मभर स्पेलिंग सांगत बसेल." ऑफिसातली एक वेल्श बाई, "फार जुनं वाटतं." अशी सतरा मतं. प्रत्येकापुढे बरोबर किंवा फुलीची खूण. सासऱ्यांपुढे मात्र खूण नव्हती. नाव ऐकून ते काही बोललेच नाहीत, उठून बागेत गेले.

मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझं स्वतःचं नाव इथे लोक कसं घेतात?"

ती गप्प झाली. तिचं नाव चार अक्षरी आहे, त्यात दोन जोडाक्षरं. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी त्याचं दोन अक्षरांत काहीतरी करून टाकलं, गळ्यातल्या ओळखपत्रावरही तेच छापून आलं. नवीन जागा, कशाला वाद, म्हणून तिने चालू दिलं. त्याला आठ वर्षं झाली. "आता कुणी पूर्ण नावाने हाक मारली ना ताई, तर मलाच पटकन कळत नाही की मला बोलावताहेत." हे सांगताना तिचा आवाज फुटला.

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या नावाचा प्रश्न घेऊन आईबाप येतात, तेव्हा उच्चाराच्या काळजीखाली बऱ्याचदा असं काहीतरी सापडतं. बाळाला अजून काहीच सोसावं लागलेलं नसतं. सोसलेलं असतं ते आईने, आणि ते मुलीच्या वाट्याला नको म्हणून ती सोपं नाव शोधत असते. त्यात चूक काही नाही. पण हे आधी नवऱ्याच्या कानावर पडायला हवं होतं आणि ते पडलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, हिला आपली भाषा खडबडीत वाटते.

पुढच्या वेळी दोघं आली. ग्वेनह्लियन हे त्याच्या आजीचं नाव. दक्षिण वेल्समध्ये आजीला माम-गी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या कितीतरी शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. पोरांचं भलं इंग्रजीतच आहे, ही समजूत पुढेही घराघरांत टिकून राहिली. माम-गी शेजारणीशी वेल्श बोलायची, मुलाशी मात्र ठरवून इंग्रजी. त्यामुळे नवऱ्याच्या वडिलांना भाषा नीट आलीच नाही आणि त्याला स्वतःला आली ती शाळेत शिकवली तेवढी. "घरात उरलंय ते हे नाव," तो म्हणाला. सासरे बागेत का गेले, ते त्या दिवशी तिला कळलं.

मग त्याने याच नावाच्या एका राजकन्येची गोष्ट सांगितली. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र ल्हुएलिन, त्याची ही एकुलती एक लेक. १२८२ च्या जूनमध्ये जन्मली आणि आई बाळंतपणातच गेली. डिसेंबरात वडील इंग्रजांशी लढताना मारले गेले. तान्ह्या मुलीला राजा पहिल्या एडवर्डच्या हुकमाने लिंकनशायरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात नेऊन ठेवलं, पुढे लग्न होऊन वारस होऊ नये म्हणून. १३३७ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी, ती तिथेच वारली. आसपास तिची भाषा बोलणारं कुणी नव्हतं, नाव धड घेणारंही नव्हतं. इंग्रजी कागदांत ते 'वेंटलियन' असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. २००९ मध्ये स्नोडोनियातल्या एका शिखराला तिचं नाव दिलं, तेव्हा कुठे ते पूर्ण अक्षरांनिशी नकाशावर आलं.

मला वाटलं होतं, एवढं ऐकून ती विरघळेल. पण ती अस्सल मराठी लेक. म्हणाली, "आमच्याकडे मुलीला सीता नाव ठेवताना दहादा विचार करतात, नशिबी वनवास येतो म्हणून. आणि हे तर जन्मभर कैदेतल्या बाईचं नाव!" ही भीती मी हसण्यावारी नेली नाही. पोटात बाळ असताना असल्या शंका रात्री झोपू देत नाहीत. मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमच्या माम-गीचं आयुष्य कसं गेलं?" तो खुलला. पाच नातवंडं, दारात कोंबड्या, चॅपेलमधलं गाणं, एक्याण्णवव्या वर्षी झोपेत शांत मरण. त्याची हकिगत संपली तेव्हा तिने पोटावर हात ठेवला होता आणि ती पहिल्यांदाच ते नाव पुटपुटून बघत होती.

नुसतं मन वळून भागत नाही, रोजच्या व्यवहाराचंही बोललो. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये तीन वर्षांवरच्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं नोंदवलं. म्हणजे इथेही अडखळणारे भेटणारच. पण शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श सक्तीचं आहे, त्यामुळे शिक्षकांना हे नाव नवं नाही. वेल्सबाहेर 'ग्वेन' म्हटलं की कुणालाही जमतं. जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते, आणि नंतर फारच वाटलं तर बारा महिन्यांच्या आत त्या नोंदीत नाव बदलूनही मिळतं. पारंपरिक वेल्श नाव ठेवणाऱ्यांना आणखी एक सांगते, स्पेलिंग इथल्या माणसाकडून तपासून घ्या. शेवटी 'वेन' असेल तर मुलीचं, 'विन' असेल तर मुलाचं. परदेशात ब्रॉनवेनचं ब्रॉनविन करतात, ते इथे कानाला खटकतं.

मधला मार्ग म्हणून 'निया' हेही नाव निघालं होतं. वेल्श आहे, सोपं आहे, सांगलीतही चालेल. मी दोघांना ते आठवडाभर घरात हाक मारून बघायला सांगितलं, तसंच ग्वेनह्लियनही. स्वयंपाक करताना, जिन्यातून ओरडून, दवाखान्यात फोनवर सांगतोय असं समजून. चौथ्या दिवशी तिचाच निरोप आला, "निया कुणीतरी शेजारची वाटते."

राहिली आई. मी म्हटलं, आईला 'नाव आवडलं का' असं पुन्हा विचारू नकोस, 'म्हणायला शिकशील का' असं विचार. मत विचारलं की माणूस परीक्षक होऊन बसतं. आजीला परीक्षक करून ठेवण्यात कुणाचंच भलं नाही, तिला त्या नावात हात घालू द्यायला हवा.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. नावातला 'ह्ल' कसा म्हणायचा, ते सासऱ्यांनी सांगितलं: जिभेचं टोक 'ल' म्हणताना ठेवतो तिथे ठेवा, आवाज काढू नका, फक्त बाजूने हवा सोडा. लेकीने मराठीत समजावलं. आई म्हणाली, "म्हणजे फुंकणीने चूल फुंकायची, पण जीभ टाळूला लावून!" आणि तिसऱ्या खेपेला आवाज निघाला. मग तिने व्याह्यांना 'हळद' म्हणायला लावलं. सांगलीच्या बाईने दुसरा शब्द कुठला निवडावा! ते 'हलद' म्हणायचे, नाहीतर 'हरद'. अर्धा तास 'ळ' चालला होता. वेल्शमध्ये मुलीच्या नावापुढे पूर्वी 'अमक्याची मुलगी' म्हणून बापाचं नाव लावत, हे कळल्यावर आई खूश झाली. "मग आपल्यासारखंच की."

बारसं कार्डिफमध्येच झालं. आत्याने, म्हणजे नवऱ्याच्या बहिणीने, फोनवर पाठ केलेलं कुर्रर्र करून कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. सांगलीची आजी आता तीन महिने इथे आहे. परवा लेकीचा निरोप आला: "आईचं अजून कधीकधी 'ग्वेनशियन' होतं. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की सराव करते."