बेरीज अडणाऱ्या मुलांसाठी दहाची चौकट

इंदूरच्या शाळेत तुम्ही नुकताच तिसरीचा वर्ग हाती घेतला आहे आणि काही मुले ८ + ५ साठी अजून बोटे मोजतात, असे तुम्ही कळवलेत. तेव्हा घोकंपट्टीआधी दहाची चौकट वापरून पाहावी, असे मी सुचवीन. जाड पुठ्ठ्यावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखा आणि दोन रंगांची बटणे घ्या. मुलाने ८ लाल बटणे मांडली की उरलेली दोन घरे त्याला न मोजता दिसतात. ५ निळ्या बटणांपैकी २ तिथे सरकवली की बाहेर ३ राहतात, आणि दहा व तीन मिळून तेरा हे त्याला स्वतःच्या हातांनी पटते. बटणे मुलानेच सरकवली पाहिजेत. शिक्षकाने भरून दाखवलेली चौकट निव्वळ शोभेची ठरते.

बटणांवरून एकदम अंकांवर जाऊ नका. मध्ये काही दिवस वहीत चौकट काढून ठिपके भरू द्या, मग रिकामी चौकट नुसती समोर ठेवा.

० ते ९ या अंकांच्या बेरजेच्या १०० जोड्या होतात, पण ३ + ६ आणि ६ + ३ एकच, हे उमगले की ५५ उरतात.

आपल्याकडची अनेक मुले घरी मराठी आणि वर्गात हिंदी बोलतात. मूल मनात ज्या भाषेत मोजते, तिच्यातच त्याला मोजू द्यावे. घड्याळ लावून घ्यायची चाचणी मात्र, वरून कितीही आग्रह झाला तरी, मूल उत्तराचे कारण सांगू लागेपर्यंत लांबवा.