कानबाईची गाणी लिलिपाँडमध्ये छापताना मेमरी का संपते?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जळगावात बसून खानदेशातल्या कानबाई देवीच्या दीडशे अहिराणी गाण्यांचं स्वरलेखन एका फाइलीत केलं आणि पीडीएफ बनताना लिलिपाँड (लिहिलेल्या मजकुरावरून स्वरलिपीची पानं तयार करणारा प्रोग्रॅम) मेमरी संपल्याचं सांगून बंद पडतं.

आधी आवृत्ती बघा. विंडोजवर २.२२ पर्यंत ते ३२-बिट होतं, म्हणजे संगणकात १६ जीबी रॅम असली तरी साधारण २ जीबीच्या पुढे त्याला जाता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली २.२४ ही ६४-बिट आहे. ती टाका.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. आपल्या गाण्यांत चाल एक आणि कडवी वीस-वीस. प्रत्येक कडव्यासाठी चाल ‘अनफोल्ड’ या पुनरावृत्तीच्या आज्ञेने उलगडली असेल, तर तेवढ्या पट स्वर खरोखर तयार होतात आणि मेमरी तिथेच जाते. चाल एकदाच लिहा, पहिलं कडवं स्वरांखाली द्या, बाकीची ‘मार्कअप’मध्ये, म्हणजे स्वरांशिवाय, नुसत्या मजकुरासारखी. गाणाऱ्या बायांनाही तसंच वाचायला सोपं जातं, हे मी घरी पाहिलंय.

पानं कुठे तोडायची याचा हिशेब लिलिपाँड अख्ख्या पुस्तकाचा एकत्र मांडतं. म्हणून रोट, आरत्या, विसर्जन असे प्रसंगांनुसार ‘बुकपार्ट’ (पुस्तकाचे भाग) करा, हिशेब तुकड्यांत होतो.

तरीही अडलं तर प्रत्येक भागाची वेगळी फाइल चालवा, ‘फर्स्ट-पेज-नंबर’ (पहिल्या पानाचा आकडा ठरवणारी सोय) वापरून पानांचे आकडे पुढे न्या आणि पीडीएफ शेवटी जोडा. एखाद्याच भागावर अडत असेल तर त्यातली अर्धी गाणी बंद करून बघा, दोषी गाणं पटकन सापडतं.