नवऱ्याचा कागद कुणी भरला?

मावशी,
आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला असतो. मी साताऱ्याची, नवरा चीनमधल्या छंगतूचा. एमएसला एकत्र होतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. बापलेकाचं अजिबात पटत नाही. मार्क, उलट उत्तरं, मित्रांच्या मुलांशी तुलना, रोजचंच. भांडण तापलं की नवरा मँडरिनवर येतो आणि मुलाला त्यातलं निम्मं कळत नाही. मी ती भाषा शिकले आहे, म्हणून मध्ये पडून दोघांना समजावते. आशियाई-अमेरिकन घरांतल्या वादांची एक प्रश्नावली मिळाली. मुलाने भरली, नवरा कामात होता म्हणून त्याची मीच भरली. ‘किती वेळा घडतं’ याची बेरीज मुलाची ४१, नवऱ्याची १८. ही दरी कशी कमी करू? दोन्ही कागदांचे फोटो पाठवते आहे.

अगं बाई,
‘नवऱ्याची मीच भरली’ हे तू जाता जाता लिहून गेलीस आणि मी तिथेच अडकले. मग ते १८ कुणाचे? तुझेच की!

ही प्रश्नावली २००० साली रिचर्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. दहा प्रसंग, आणि प्रत्येकाला दोन आकडे: किती वेळा घडतं आणि किती गंभीर वाटतं, १ ते ५. सगळे प्रसंग मुलांच्या बाजूने मांडलेले. म्हणजे बापाला बोलायला त्यात आधीच जागा कमी, आणि होती तेवढी तू घेतलीस.

दुसरा रकाना तू बेरजेत धरलाच नाहीस. मी फोटो मोठा करून पाहिला. मुलाने नऊ ठिकाणी गंभीरपणाला २ दिलेत. मार्कांनाही २, तुलनेलाही २. ५ एकाच ठिकाणी आहे: आईबाबा म्हणतात घर दिलं, जेवू घातलं, शिकवलं, हेच प्रेम, मुलाला मात्र जवळ घेतलेलं, तोंडाने बोललेलं हवं असतं. पेन इतकं दाबलंय की कागद फाटायचा बाकी आहे. आणि त्याच ओळीवर नवऱ्याच्या नावाने तू १ लिहिलास. कशावरून गं? गाओकाओ या चीनमधल्या एकाच प्रवेशपरीक्षेवर ज्याचं कॉलेज ठरलं, तो माणूस लेकाच्या मार्कांवरून जीव काढणारच. त्याखाली काय आहे, हे कधी विचारलंस त्याला?

तुझी तळमळ मला कळते, पण राग येतोय तो तुझाच. वर्षानुवर्षं तू दोघांचे निरोप पोचवते आहेस, कडू ते गाळून. त्यामुळे बापाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पोराशी झगडावं लागलं नाही, आणि पोराला अडखळत का होईना, मँडरिन बोलावं लागलं नाही. भांडताना एवढे मोठे आवाज, आणि एकमेकांचं वाक्य मात्र दोघांनी धड ऐकलेलं नाही.

येत्या रविवारी ती एकच ओळ कोऱ्या कागदावर लिहून नवऱ्यापुढे ठेव. त्याला चिनीत लिहायचं तर लिहू दे. मुलाने दिलेला ५ त्याला दाखवायचा का, ते आधी मुलाला विचार. तो हो म्हणाला तर त्याने स्वतःच दाखवावा. आणि तू घराबाहेर पड. मॉलमध्ये जा, मैत्रिणीकडे जा, कुठेही जा. शब्द अडला तर दोघांच्या खिशात फोन आहेत. ‘तो म्हणजे काय म्हणाला?’ असा मेसेज कुणाचाही आला, तरी उत्तर देऊ नकोस.

मलाही आकडे कळवू नकोस.

— मावशी