लायपेज २,४०० आलं म्हणजे आजार गंभीर आहे का?

प्रश्न : माझ्या यजमानांना पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला अचानक सूज आली. रक्तात लायपेज (स्वादुपिंडात तयार होणारं पाचक विकर) २,४०० निघालं आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. शेजारच्या काकूंचं ९०० असूनही त्या आयसीयूत होत्या. मग यांचं काय होणार?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, तो आकडा आधी डोक्यातून काढा. लायपेज नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं की निदान पक्कं व्हायला मदत होते, पण आजार किती गंभीर आहे हे त्यावरून कळत नाही. राउंडला मी आधी खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी बघतो : तासाला किती भरली, रंग किती गडद. मग श्वास, ऑक्सिजन आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारे रक्तातले युरिया, क्रिएटिनिन. फुप्फुसं, मूत्रपिंडं किंवा रक्ताभिसरण कोलमडून ४८ तासांत सावरलं तर आजार मध्यम, त्यापुढेही तसंच राहिलं तर तीव्र. या आजाराची तीव्रता ठरवणाऱ्या २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात असंच ठरलंय. बहुतेकांचा आजार सौम्यच असतो.

पहिल्याच दिवशी सीटी का नाही, म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका. स्वादुपिंडाचा काही भाग मृत झालाय का, ते तीन-चार दिवसांनीच नीट दिसतं. दुसऱ्या आठवड्यानंतर पुन्हा ताप चढला, तर मात्र त्या मृत भागात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते.

एक गोष्ट आग्रहाने विचारा : पित्ताशय कधी काढणार? आजार सौम्य असेल तर घरी सोडण्याआधीच काढलेलं बरं. ‘गणपतीनंतर बघू’ म्हणून गेलेले पेशंट खडा पुन्हा अडकून परत येतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं.